आधी प्रिंटर कुठला ते सांगा

सकाळी ८.५०

सातारा. पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटं. दहा बाय बाराचा गाळा, भाडं सात हजार, लाईटबिल वेगळं. शटर गुडघ्यापर्यंत वर जातं आणि अडतं. दुकानाचे मालक दादा खालून खांदा लावतात, एक शिवी हासडतात, शटर वर. पाटीवर लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही, टोनर रिफिलिंग असं सगळं लिहिलंय. पोट भरतं ते टोनरवर.

आत पाय ठेवायला जागा नाही. एका शाळेचे चौदा लॅपटॉप भिंतीला टेकून उभे आहेत. पुण्यातल्या एका कंपनीने जुने झाले म्हणून शाळेच्या संस्थेला दिले. एकही सहाव्या पिढीच्या पुढचा नाही. विंडोज ११ रीतसर बसवायचं तर इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. म्हणून लिनक्स, फुकटात मिळणारी खुली सिस्टिम. संध्याकाळी साडेसातला संस्थेचे सेक्रेटरी न्यायला येणार आहेत.

९.१५

हाताखालची मुलगी येते. कोरेगावहून, एसटीने. आयटीआयला कोपाचा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड केला, इथे नऊ हजारांवर आहे. पिशवी खुंटीला, ओढणी कमरेला, आणि जमिनीवर कालचं वर्तमानपत्र.

वकिलांच्या ऑफिसातून तीन कार्ट्रिज आलीत. १२ए. कडेच्या पिना काढल्या की त्याचे दोन भाग होतात. एका भागात पावडर, दुसऱ्यात ड्रम आणि वाया गेलेली पावडर. वाया गेलेली आधी झटकायची. ती पुन्हा वापरणारे लोक आहेत, दादा वापरत नाहीत. पानावर काळे पट्टे येतात आणि गिऱ्हाईक परत येतं भांडायला. मग पीसीआर, म्हणजे ड्रमला चार्ज देणारा रोलर, कोरड्या फडक्याने पुसायचा. ड्रमला बोट लागू द्यायचं नाही, उजेडात फार वेळ ठेवायचा नाही. ब्लेड नखाने चाचपायची. कंगोरा लागला की बदलायची.

पावडरची बाटली नव्वद रुपये, ब्लेड चाळीस, ड्रम सव्वाशे. नुसतं रिफिल अडीचशे, ड्रमसकट साडेचारशे. पावणेदहालाच तिच्या नाकपुड्यांच्या कडा काळ्या झाल्यात. मास्क आहे. गळ्यात.

तपासायला टेबलावर दोन प्रिंटर आहेत, एचपीचा १०२० आणि कॅननचा २९००. ती भरलेलं कार्ट्रिज एकात घालते, पान काढते, तेच उचलून दुसऱ्यात घालते, पान काढते. दोन्हीकडे चालतं. एचपीच्या या लहान लेझर प्रिंटरांचं इंजिन कॅननच बनवत आलं आहे. एचपीकडे कार्ट्रिजला १२ए म्हणतात, कॅननकडे ३०३. बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेट कार्ट्रिजच्या खोक्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. पिकअप रोलर, टेफ्लॉन, कुरकुर सगळी सारखीच.

१०.०५

झेरॉक्सवाल्या काकू. तहसीलसमोर त्यांचं टपरीवजा दुकान आहे. सातबारा, हॉल तिकीट, रेल्वेचं तिकीट, आधारची कॉपी. कॉम्प्युटर जुना, आय-थ्री. भाचा म्हणाला नवीन घ्या, पंचवीस हजारांच्या आत येणार नाही.

“तुमच्याकडं ते दुसरं टाकून देता म्हणे फुकटातलं.”

“टाकतो की काकू. आधी प्रिंटर कुठला ते सांगा.”

“प्रिंटरचा काय संबंध? प्रिंटर चांगलाय माझा. कॅनन. एकोणतीसशे.”

दादा हातातलं फडकं खाली ठेवतात. हे त्यांचं रोजचं आहे. लोक कॉम्प्युटर घेऊन येतात, तेव्हा ते आधी प्रिंटर विचारतात, मग वायफाय, मग स्कॅनर. प्रोसेसर सगळ्यात शेवटी.

काकूंना ते एवढंच सांगतात की तुमचा प्रिंटर त्याच्यावर नीट चालायचा नाही. मला थोडं जास्त सांगतात. २९०० कॉम्प्युटरशी कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, कॅप्ट नावाच्या. पानाची आखणी सगळी कॉम्प्युटरने करायची, प्रिंटर फक्त ठिपके मारतो. ही भाषा कंपनीने उघड केलेली नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण त्याचा गाभा बंद. त्यातले काही भाग ३२ बिटचे, म्हणजे आजच्या ६४ बिटच्या सिस्टिमवर आधी जुन्या लायब्ऱ्या जमवा, मग तो बसवा. रास्पबेरी पायसारख्या स्वस्त बोर्डावर तर नाहीच, कारण तो बांधलाय इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी. कोड हातात असता तर कुणीही दुसऱ्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधून घेतला असता.

काही लोकांनी प्रिंटर आणि कॉम्प्युटरमधलं बोलणं ऐकून, ताडून, खुला ड्रायव्हर लिहिला आहे. कॅप्टड्रायव्हर. दादांनी तो वापरून बघितलाय. “घरी ठीक. तहसीलसमोर बारा माणसांची रांग असताना मी त्याच्या भरवशावर कुणाला बसवणार नाही.”

काकूंना ते दुसरा सौदा सांगतात. २९०० मला द्या, साडेचार हजारांत धरतो, विंडोजवाला कुणीही नेईल. हा १०२० घ्या, साडेपाच हजार. वर हजार द्या. कार्ट्रिज तुमचंच, तेच ह्यात बसतं.

“तेच बसतं?”

“तेच.”

“मग प्रिंटर वेगळा कसा?”

दादा हसतात. काकू विचार करून येते म्हणतात आणि जातात.

११.२०

लॅपटॉप. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट. चार पेनड्राइव्ह, चार लॅपटॉप एका वेळी. दादांनी टाकायच्या आधी एक काम सांगून ठेवलंय: प्रत्येकावर चालू करायचं, टर्मिनल उघडायचं, आतल्या कार्डांची यादी दाखवणारी एलएसपीसीआय कमांड द्यायची, आणि वायफायचं नाव चिकटपट्टीवर लिहून झाकणाला लावायचं.

ती लिहीत जाते. इंटेल. इंटेल. इंटेल. असे नऊ. एक अथेरॉस. यांच्याकडे बघायचीही गरज नाही. पेनड्राइव्हवरूनच वायफाय दिसायला लागतं. या दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्येच आहेत. इंटेलच्या चिपला वर एक फर्मवेअर लागतं, चिपच्या आत चालणारं. त्याचा कोड बंदच आहे, पण फाइल कुणीही पुढे वाटावी अशी लेखी परवानगी कंपनीने दिलेली आहे. म्हणून ती पेनड्राइव्हवर बरोबर येते. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या अवताराचे कडक लोक बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतच नव्हते. त्यांनी ऑक्टोबर २०२२मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३च्या आवृत्तीपासून घ्यायला लागले. तोवर डेबियन टाकायचं तर दुसरा पेनड्राइव्ह खिशात ठेवायला लागायचा.

उरलेल्या चार झाकणांवर पट्टी: ब्रॉडकॉम. शेजारी आकडा, १४ई४:४३६५.

“४३१४२,” दादा न बघता म्हणतात. चिपचा नंबर.

१२.१०

या चारांत वायफाय दिसत नाही. यांची वायफाय कार्डं बदलायची असं दादांनी ठरवलंय, पण आधी ड्रायव्हर टाकून दाखवतात. दादा स्वतःचा मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडतात, यूएसबी टिथरिंग चालू करतात. मोबाईलचं नेट लगेच चालतं. ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर समोर येतो, शेजारी ‘प्रोप्रायटरी’ असं लिहिलेलं. टिक, पासवर्ड, थांबा. काळ्या पट्टीवर ओळी धावतात. लॅपटॉप तिथल्या तिथे ड्रायव्हर बांधून घेतोय. पंखा जोरात फिरतो. दोन मिनिटांनी वायफायचा पंखा दिसतो.

“झालं की दादा. मग कार्ड कशाला बदलायचं?”

“आज झालं.”

तिला ते डीमेसेज, म्हणजे कर्नेलच्या नोंदी, बघायला लावतात. त्यात एक ओळ आहे: या मॉड्यूलच्या लायसन्समुळे कर्नेल बाटलं. अशी नोंद झाली की कर्नेलवाले सहसा तुमची तक्रार ऐकून घेत नाहीत. आतलं त्यांना दिसतच नाही, तर दुरुस्त काय करणार?

या ड्रायव्हरचे दोन तुकडे आहेत. बाहेरचा पातळ थर उघडा, आतला गोळा कंपनीने बांधून दिलेला, बंद. ब्रॉडकॉमने याची शेवटची आवृत्ती २०१५ साली काढली. कर्नेल मात्र दोन-अडीच महिन्यांनी नवीन येतं. मधल्या काळात उबुंटू, डेबियनचे लोक बाहेरच्या थराला ठिगळं लावत आलेत. आतल्या गोळ्याला कुणीच हात लावू शकत नाही. दर कर्नेल अपडेटला तो पंखा पुन्हा फिरणार, ड्रायव्हर पुन्हा बांधला जाणार. एखाद्या वेळी ठिगळ कमी पडलं की वायफाय गेलं.

आणि शाळेत हे बघणार कोण? चित्रकलेचे सर. कॉम्प्युटरचा चार्ज त्यांच्याकडे आहे.

१.४५

डबा. दादांचा भाकरी-पिठलं, तिचा चपाती आणि वांगं. मिरचीचा ठेचा दोघांत एक. चार लॅपटॉप बाजूला इन्स्टॉल होत आहेत.

भिंतीवर जुना टीपी-लिंकचा राउटर लुकलुकतोय. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी आहे, राउटरसाठीचं खुलं लिनक्स. हे नाव लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवरून आलं. त्या राउटरच्या पोटात लिनक्स आहे असं २००३मध्ये लोकांच्या लक्षात आलं. लिनक्स जीपीएलखाली आहे. घ्या, बदला, विका, पण दुसऱ्याला देताना कोडही द्या, असा तो करार. लोक मागे लागले, कंपनीने कोड दिला, आणि वर्षभरात त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. गंमत म्हणजे त्या राउटरमधली चिपही ब्रॉडकॉमचीच होती. तिचा वायफाय ड्रायव्हर बंदच राहिला. बाकी सगळं उघडं झालं, आणि तेवढ्यावर लोकांनी पुढची वीस वर्षं काढली.

मी विचारतो, ड्रायव्हर कर्नेलच्या आत असला काय, बाहेर असला काय, फरक एवढा का पडतो?

दादा ठेच्यात बोट बुडवतात. “वाड्यात कुणी भिंत हलवली तर हलवणाराच सगळ्यांची दारं परत बसवून देतो. बाहेर भाड्याने राहतो त्याचं दार कोण बघणार?”

खरंच तसं आहे. कर्नेलच्या आतली मांडणी स्थिर ठेवायची नाही, हे तिथल्या लोकांनी ठरवूनच ठेवलंय. जो काही बदलेल त्याने आतल्या सगळ्या ड्रायव्हरांत तो बदल करून द्यायचा. आत यायचं तर कोड जीपीएलशी जुळेल अशा लायसन्सखाली द्यायचा. ब्रॉडकॉमनेही सप्टेंबर २०१०मध्ये आपल्या काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. तो आत गेला आणि आजही चालतो. ४३१४२ त्या यादीत नव्हती. तुमच्या लॅपटॉपात कुठली चिप आहे, हे दुकानदार विकताना सांगत नाही. त्यालाही माहीत नसतं.

२.३०

कार्डं बदलायची. पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुनी अथेरॉसची कार्डं मागवलेली आहेत, एसटी पार्सलने. दोनशेला पडतात, तीनशेला लावतात. अथेरॉसने २००८मध्ये स्वतः खुला ड्रायव्हर दिला, एटीएच९के. इतकी वर्षं झाली, दादांना त्यासाठी आजवर काही डाउनलोड करावं लागलेलं नाही.

बॅटरी काढा. मागचे अकरा स्क्रू, त्यातले दोन आखूड. ते दोन वेगळ्या झाकणात ठेवा, नाहीतर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जातो आणि वरच्या बाजूने पॅनेलवर टेंगूळ येतं. कार्ड अंगठ्याच्या दोन पेरांएवढं. त्याला दोन वायरी, एक काळी, एक पांढरी, टोकाला मोहरीएवढं पितळी बटण. नखाने उचलायचं, ओढायचं नाही. बसवताना सरळ वरून दाबायचं, ‘टक्’ असं बोटाला कळतं, कानाला नाही. तिरकं दाबलं की बटण चेपतं आणि अँटेना गेली. ती पहिलं कार्ड बसवायला दहा मिनिटं घेते. दुसरं चार. दादा बघतात, बोलत नाहीत.

चौथा लॅपटॉप उघडतो आणि पडद्यावर इंग्रजीत खडसावतो: अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवलंय, बंद करा, काढा. अशा लॅपटॉपांच्या बायोसमध्ये यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन पुढे सरकतच नाही. इथे ना लिनक्स कामाला येतं ना विंडोज. लॅपटॉप मालकीचा तुमचा, पण त्यात काय बसवायचं ते कारखान्यात ठरलेलं.

“घाल परत त्याचंच.” जुनं कार्ड परत आत. बाजूला नखाएवढा यूएसबी डोंगल, मीडियाटेकची चिप, साडेतीनशे. याचा ड्रायव्हर २०१५पासून कर्नेलच्या आत आहे. दादा अशा डोंगलांची एक जातच ठेवतात. दुसऱ्या जातीचे शंभरने स्वस्त येतात, खोक्यावर लिनक्सचं चित्रही असतं. आत सीडीतून कॉपी केलेला कोड निघतो, जुन्या कर्नेलसाठी लिहिलेला.

४.१०

इंजिनिअरिंगचा एक मुलगा, थोरल्या भावाचा लॅपटॉप घेऊन. एनव्हिडियाचं ग्राफिक्स आहे, ८२०एम. अपडेट केल्यावर स्क्रीन काळी. दादांना पाच मिनिटंही लागत नाहीत. या कार्डाला चालणारी बंद ड्रायव्हरची शाखा ३९०. तिचा आधार कंपनीने २०२२च्या अखेरीस संपवला. तो काढून टाकतात, लोकांनी लिहिलेला खुला नूव्हो चालू होतो, पडदा येतो. वेग कमी.

“पण एनव्हिडियाने कोड ओपन केला ना सर?”

“केला. मे २०२२ला. ट्युरिंग पिढीपासून पुढच्यांचा. तुझं त्याच्या आधीचं.”

शंभर रुपये. मुलगा यूपीआय करतो.

५.००

चहा. काकू परत. हातात पिशवी, पिशवीत सीपीयू नाही, नुसतं कार्ट्रिज. “दाखवा बसतंय का.” ती घालून दाखवते. बसतं. काकू मागे वळून भाच्याला हाक मारतात, तो स्कूटीवरून सीपीयू आणि २९०० उतरवतो.

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, मग मिंट. वीस मिनिटं. मग १०२०. हा प्रिंटर २००५चा. एचपीने लिनक्ससाठी स्वतःचा ड्रायव्हर उघडा करून दिलाय, एचपीलिप, म्हणून तो मिंटमध्ये आधीच असतो. तरी एक पाचर आहेच. १०२०च्या पोटात स्वतःची अक्कल साठवायला जागा नाही. लाईट गेली की सगळं विसरतो, आली की कॉम्प्युटरने त्याला फर्मवेअर परत पाजायचं. ते फर्मवेअर बंद प्लगइनमध्ये येतं. प्लगइन वेगळं उतरवायचं, लायसन्स मान्य म्हणायचं, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे. एचपीलिप पुढे सरकलं आणि प्लगइन मागे राहिलं की प्रिंटर मुका. दादा त्यावर दुसरा खुला ड्रायव्हरही टाकून ठेवतात, फू-टू-झेडजेएस. “एक रुसला तर दुसरा.”

मला इथे रिचर्ड स्टॉलमन आठवतोच. १९८०च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरला त्याने कागद अडकला की निरोप जाईल अशी सोय कोडमध्ये करून घेतली होती. नव्याचा कोड मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या एका माणसाकडे होता, त्याने मी न देण्याचं वचन दिलंय असं सांगितलं. स्टॉलमन चिडला. पुढे जीपीएल लिहिलं ते त्यानेच. तहसीलसमोरच्या टपरीला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. तिला सातबारा निघाला म्हणजे झालं.

निघतो. भाचा म्हणतो, स्कॅनरपण बघा. पिशवीतून कॅननचा लाईड ११० काढतो. केबल लावली, स्कॅनचा प्रोग्रॅम उघडला, काच उजळली. सेन नावाच्या खुल्या प्रकल्पात त्याचा ड्रायव्हर लिहिलेला आहे.

“हापण कॅननच, मग हा कसा चालला?” काकू विचारतात.

“ह्याला कुणीतरी लिहिला, काकू.”

प्रिंटरचा फरक हजार, एसएसडीचे त्या दिवशीच्या भावाने, बसवणावळ पाचशे. काकू पन्नास कमी देतात. दादा घेतात.

६.३०

मुलीची कोरेगावची गाडी. ती हात धुते, दोनदा, डिशवॉशच्या साबणाने. नखांखालचं निघत नाही. जाताना चौदाही लॅपटॉपांवर वायफायला जोडून एकेक पान उघडून बघितलेलं असतं, आणि तशी बरोबरची खूण झाकणावर.

७.४०

सेक्रेटरी सर. बरोबर शिपाई आणि ओम्नी. दादा बिल वाचतात. चौदा लॅपटॉप, चारशे प्रमाणे पाच हजार सहाशे. तीन कार्डं, नऊशे. डोंगल साडेतीनशे. एकूण सहा हजार आठशे पन्नास.

“सॉफ्टवेअर फुकट म्हणालात ना? मग चारशे कसले?”

“सॉफ्टवेअरचे नाहीत सर. हाताचे.”

“आणि हा एक डोंगलवाला का? पोरं घेऊन जातील की खिशात.”

“फेव्हिक्विक लावून देऊ का?”

सर हसत नाहीत. “गॅरंटी किती?”

“कार्डाला महिना. डोंगलला कंपनीची.”

“आणि या लिनक्सला?”

“त्याला काही नाही. बिघडलं तर घेऊन या, बघू.”

जीपीएलच्या मजकुरातही हेच आहे, ठळक मोठ्या अक्षरांत: कसलीही हमी नाही. सरांना ते पटत नाही. हमी नाही तर घ्यायचं कशाला? दादा म्हणतात, विंडोज १०ची हमी होती ना, तिचं काय झालं? सर थोडं थांबतात. मग सहा हजार पाचशे करा म्हणतात. दादा कॅल्क्युलेटर न उघडता हो म्हणतात. दोन हजार रोख. उरलेले साडेचार हजार चेकने, संस्थेची मीटिंग झाली की.

“मीटिंग कधी?”

“बघू. चेअरमन मुंबईला गेलेत.”